वावरावरचं पाणी

पाण्यावर एक रिकामी बाटली तरंगतेय. पुढे वीसेक हातांवर दुसरी, मग थर्मोकोलचा तुकडा, मग पुन्हा बाटली. काठावरून बघणाऱ्याला हा कचरा वाटेल. कयाकमध्ये बसलं की डोळे पाण्यापासून जेमतेम अडीच फुटांवर येतात, आणि तिथून दिसतं की या बाटल्या एका रांगेत आहेत. त्यांच्या गळ्याला दोरी बांधलेली आहे आणि दोरीखाली कुणाचं तरी जाळं रात्रभर उभं आहे.

“ताई, उजवीकडनं या! तिकडं जाळं हाय!”

आवाज धुक्यातून आधी येतो, माणूस नंतर दिसतो. मी डाव्या बाजूने वल्ह्याचा लांब, अर्धगोल फटका मारते. कयाकचं नाक उजवीकडे वळतं. बाटल्यांची रांग डावीकडे ठेवून मी हळूहळू पुढे सरकते. वल्ह्याचं दुसरं पातं वर येताना त्यावरून ओघळलेलं पाणी थेट कोपरापर्यंत उतरतं. माघ संपत आलाय, तरी पाणी इतकं गार आहे की हात आखडतो.

हा डिंभे धरणाचा फुगवटा. आहुप्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खाली, फुलवड्याच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मध्ये पाणी आत शिरलंय आणि तिथे एक छोटं तळंच तयार झालंय. रुंदी इतकी कमी की या काठावरून मारलेली हाक त्या काठावर स्पष्ट ऐकू जाते. मोठ्या जलाशयावर वारा असला तरी इथे पाणी शांत राहतं, म्हणून मासेही इथे येतात आणि मासे धरणारेही. काल संध्याकाळी इथल्या मच्छीमारांना विचारलं तेव्हा त्यांनी दोनच अटी घातल्या: जाळ्यांवरून जायचं नाही आणि वारा सुटायच्या आत पाण्याबाहेर यायचं. हवा भरून फुगवायची माझी निळी कयाक भाच्याने पहाटे काठावर फुगवून दिली. आता तो शेकोटीपाशी बसून माझ्यावर नजर ठेवून आहे.

पूर्वेला, धरणाच्या भिंतीच्या बाजूने, उजाडतंय. पश्चिमेकडच्या सह्याद्रीच्या माथ्यांवर ऊन आधी पडलंय आणि पाण्यावर अजून सावली आहे. पाणी उतरू लागलंय. काठावर लाल मातीचा उघडा पट्टा आहे, पावसाळ्यात पाणी कुठवर होतं ते दाखवणारा. त्याच्या खालच्या ओल्या गाळात गव्हाचे आणि हरभऱ्याचे हिरवे तुकडे उभे आहेत. ही गाळपेर. पाणी जसजसं मागे हटतं तसतसं त्याच्या मागोमाग माणूस पेरत जातो. एका दगडावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलाय. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी फडफडत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो.

आता हाक मारणारे बाबा दिसतात. साठीच्या पुढचे, डोक्याला मफलर, अंगात जुना स्वेटर, कमरेखाली फक्त आखूड पँट. बसलेत ते ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर. ट्यूबच्या मधल्या भोकावर नायलॉनच्या दोरीची आडवीउभी वीण, तिच्यावर पोत्याची घडी, आणि त्या घडीवर बाबा. पाय दोन्ही बाजूंनी गुडघ्यापर्यंत पाण्यात सोडलेले. दोन्ही हातांत लाकडाची एकेक फळी, वहीपेक्षा थोडी लहान. त्या फळ्यांनी पाणी मागे सारत ते येतात. आवाज जवळजवळ होतच नाही. पुढ्यात एक घमेलं, दोरीने ट्यूबला बांधलेलं. मासे त्यात पडणार.

महाराष्ट्रातल्या कितीतरी धरणांवर पहाटे गेलात तर हे दिसतं. उजनीला दिसतं, जुन्नरच्या धरणांवर दिसतं, गावोगावच्या पाझर तलावांवर दिसतं. होडीला पैसे लागतात. ट्यूब ट्रकवाल्याकडून जुनी मिळते, पंक्चरवाला ठिगळ लावून देतो.

माझी कयाक आणि बाबांची ट्यूब शेजारी शेजारी थांबतात तेव्हा मला ग्रीनलंडमधले शिकारी आठवतात. कयाक ही मुळात सहलीची वस्तू नाहीच. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्का या बर्फाळ किनाऱ्यांवरच्या इन्युइट आणि त्यांच्या शेजारच्या लोकांनी ती पोटासाठी घडवली. वाहून आलेल्या लाकडाचा नाहीतर हाडांचा सांगाडा करायचा आणि त्याच्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं. एका माणसाची होडी त्याच माणसाच्या अंगाच्या मापाने व्हायची: हात किती लांब, मांडी किती रुंद हे पाहून. तिच्यात बसून तो सीलची शिकार करायचा. नंतर ती जगभर खेळाची झाली, ऑलिंपिकमध्ये गेली, प्लास्टिकची झाली, पिशवीत घडी करून नेता येईल अशी झाली. मूळ कयाकशी नातं सांगायचं तर माझ्या या निळ्या होडीपेक्षा बाबांच्या ट्यूबचं नातं जास्त जवळचं आहे. तीही एकाच माणसाची, हाताला मिळालं त्यातून त्याच्याच मापाने बांधलेली आणि पोटासाठी पाण्यात घातलेली.

“बाबा, जाळं काढायला मी मागनं येऊ का?”

“या की. फकस्त लांब ऱ्हावा. आन् तिथं, त्या काळ्या बुंध्यापाशी जाऊ नका. खाली आंबा हाय.”

काळा बुंधा वीतभर पाण्याबाहेर आहे. बाकीचा आंबा खाली उभा आहे, वाळलेला, फांद्या पसरून. मी कयाक त्याला वळसा घालून नेते.

“तुम्हाला कसं ठाऊक, खाली काय आहे?”

बाबा फळ्या मांडीवर ठेवतात. “ह्ये वावर आमचंच ना. ह्यो आंबा आज्यानं लावल्याला. ह्या बाटल्यांच्या खालून बांध जातो, सरळ, तकडं त्या दगडापत्तोर. बांधाच्या कडंला मासा फिरतो. म्हणून जाळं बांधाला धरून सोडायचं.”

मी खाली बघते. पाणी हिरवट काळं आहे, हातभर खालचंही दिसत नाही. बाबांना मात्र सगळं दिसतंय. बांध, आंबा, पलीकडे विहिरीची जागा, खाचरं एकाखाली एक कशी उतरत गेली होती ते. ते पाण्यावर जी वाट धरतात ती जुनी पायवाट आहे.

डिंभे धरण आंबेगाव तालुक्यात, घोड नदीवर आहे. 2000 साली ते पूर्ण झालं. कुकडी प्रकल्पातल्या धरणांपैकी हे एक. माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही बाकीची शेजारच्या जुन्नर तालुक्यात. डिंभ्यात साडेतेरा टीएमसी पाणी मावतं. जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनू सागर. परदेशी कापडाच्या मोटारीसमोर मुंबईत 12 डिसेंबर 1930 रोजी ज्यांनी प्राण दिला ते बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्याच म्हाळुंगे पडवळचे. आणि ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव नाव पडलं ते जुनं आंबेगाव या पाण्याच्या तळाशी आहे. कडक उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की त्या गावातलं जुनं जैन मंदिर वर येतं आणि लोक ते बघायला येतात. तालुक्याची कचेरी घोडेगावात. तालुक्याचं नाव ज्या गावाचं, ते गाव उन्हाळ्यातच भेटतं.

इथलं पाणी कालव्याने खाली जातं: आंबेगाव, जुन्नर, शिरूर, तिथून पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा. तिकडचा ऊस, कांदा, फळबागा या पाण्यावर उभ्या आहेत आणि त्या माणसांनाही पाण्याची गरज आहेच. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तन ठरतं, दारं उघडतात. त्या बैठकीत ज्या वावरावर पाणी साठलंय त्याचा मालक बसलेला नसतो. आवर्तन सुटलं की पाण्याची पातळी रोज खाली जाते. काल जिथे जाळं नीट उभं होतं तिथे आज ते चिखलाला टेकतं. मग बाबा बाटल्या सोडतात आणि खोलवर, दुसऱ्या बांधावर जातात.

जाळ्याचं टोक येतं. बाबा बाटली उचलून घमेल्यात टाकतात आणि दोरी ओढायला लागतात. जाळं बारीक, जवळजवळ न दिसणाऱ्या तंगुसाचं. उन्हाचा पहिला तिरपा पट्टा पाण्यावर आलाय आणि वर येणाऱ्या प्रत्येक घरात थेंब चमकतो. पहिले काही हात रिकामे. मग एक हिसका. चिलापी, पंज्याएवढी, कल्ल्यांपाशी अडकलेली. बाबा तिच्या पाठीवरचे काटे अंगठ्याने मागे दाबतात, घर मोकळं करतात, मासा घमेल्यात. दुसरी चिलापी. तिसरी. मग बराच वेळ काही नाही. मग जाळं जड होतं, बाबांची पाठ वाकते, ट्यूब एका बाजूला कलते आणि पाणी पोत्याच्या घडीपर्यंत येतं. मी नकळत माझ्या लाइफ जॅकेटचा पट्टा चाचपते. त्यांच्या अंगावर तसलं काही नाही.

“कटला!” ते म्हणतात. आवाजात आनंद आहे.

मोठ्या डोक्याचा, रुंद खवल्यांचा, तीन-चार किलोंचा मासा. तो शेपटी आपटतो, घमेलं हलतं. बाबा त्याच्यावर ओलं पोतं टाकतात आणि दोन्ही गुडघ्यांनी घमेलं घट्ट धरून बसतात, तो शांत होईपर्यंत.

हा कटला इथे आपोआप आलेला नाही. कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्याच्या वाहत्या पाण्यात वीण करतात. साठलेल्या पाण्यात त्यांची वाढ होते, पण पैदास सहसा होत नाही. म्हणून धरणात बीज सोडावं लागतं. अगदी बारीक बीज सोडलं तर मोठे मासे ते खाऊन टाकतात, म्हणून आधी बोटाएवढं वाढवायचं. त्याला बोटुकली म्हणतात. डिंभ्याच्या पाण्यात तरंगते पिंजरे बांधून त्यांत बोटुकली वाढवायचं काम मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने इथल्या लोकांना बरोबर घेऊन केलं. पिंजऱ्यात वाढवलेली बोटुकली मोकळ्या पाण्यात सोडली की तिचा मासा होईपर्यंत वाट बघायची. ज्याने सोडली त्यालाच ती धरायला मिळेल याची खात्री असेल तरच कुणी वाट बघतो. सगळा प्रश्न इथे येऊन पोहोचतो: या पाण्यातला मासा कोणाचा?

धरणांतली मासेमारी ठेक्याने देण्याची रीत जुनी आहे. बाहेरचा ठेकेदार येतो, त्याची माणसं येतात आणि ज्यांचं वावर पाण्याखाली गेलं ते काठावर बसून बघतात. डिंभ्यात महादेव कोळी आणि इतर आदिवासी कुटुंबांनी हे मानलं नाही. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलं: उतारावर भातखाचरं घडवण्याच्या पडकईसाठी, गाळपेरीसाठी आणि या माशांसाठी. डिंभे जलाशय आदिवासी मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली आणि धरणग्रस्तांना मासेमारीचा हक्क मिळाला. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या पुढाकाराने दिलं जाणारं इक्वेटर पारितोषिक ‘शाश्वत’ला मिळालं. पारितोषिकाचं नाव बाबांना सांगता येत नाही. हक्काचं सांगता येतं.

“वावर गेलं, ते काय परत येत न्हाई. पर त्याच्यावरचा मासा तरी आपला. एवढं झालं.”

जाळं सगळं वर आलंय. घमेल्यात कटला, एक रोहू, चिलाप्या आणि एक मरळ. मरळ अजून तोंड उघडून हवा घेतेय; पाण्याबाहेरही ती बराच वेळ जगते. जाळ्याच्या शेवटच्या घरांत दोन बोटांएवढं रोहूचं पिल्लू गुरफटलंय. बाबा ते सोडवतात, हातात क्षणभर धरतात आणि पाण्यात सोडून देतात. ते त्यांनी मला दाखवायला केलेलं नाही. त्यांचं माझ्याकडे लक्षही नाही.

धुकं विरलंय. आता तळ्याच्या तोंडाशी, मोठ्या पाण्यावर, आणखी ट्यूबा दिसतात. त्यांच्या पलीकडे एक पत्र्याची होडी, तिच्यात दोघं. त्यांतला एकजण उभा राहून हात हलवतो आणि पश्चिमेकडे बोट दाखवतो. तिकडचं पाणी काळपट झालंय, बारीक सुरकुत्यांचं. वारा.

“चला आता,” बाबा म्हणतात. फळ्या हातात घेतात.

वारा पोहोचतो तेव्हा तो गालावर आधी कळतो, मग कयाकच्या बाजूवर. हवेची होडी हलकी. वारा तिला धरतो आणि आडवी करू बघतो. मी वल्हं उभं धरून डावीकडे दोन, उजवीकडे एक असे फटके मारत नाक सरळ ठेवते. लाटा वीतभरच आहेत, पण इतक्या खाली बसल्यावर प्रत्येक लाट समोरून येताना दिसते आणि मांडीखालून जाताना जाणवते. बाबा माझ्या पुढे आहेत. ट्यूबला नाक नाही. वाऱ्याने ती गोल फिरते. ते फिरू देतात, मग एका हाताने पाणी मारून परत काठाकडे तोंड करतात, पुन्हा फिरतात, पुन्हा वळतात. घमेल्यात आठ-दहा किलोंचं ओझं, पाय इतका वेळ गार पाण्यात. इथे अंतर लहान आहे. मोठ्या पाण्यावर, मधोमध, हाच वारा दुपारच्या जोराने आला तर काय होतं हे फुगवट्यावरच्या प्रत्येक वाडीला ठाऊक आहे. बुडालेल्या झाडाचं टोक ट्यूबला लागलं, जाळं पायात गुरफटलं, पायात गोळा आला, तर पोहता येणाऱ्या माणसालाही काठ लांब असतो.

काठावर वजनकाटा आला आहे. बाबांच्या घरच्या मावशी मासे निवडतायत: कटला-रोहू एकीकडे, चिलाप्या दुसरीकडे, मरळ पाण्याच्या बादलीत, कारण जिवंत मरळीला भाव वेगळा. वजन वहीत लिहिलं जातं. घोडेगावकडे जाणारी गाडी रस्त्यावर हॉर्न वाजवते. सगळं झटपट चाललंय, बर्फ फोडायचा आवाज, माशांच्या खवल्यांनी चमकणारे हात. भाचा बाबांच्या हातात चहा देतो. त्यांच्या पिंढऱ्या निळसर पांढऱ्या पडल्यात. ते शेकोटीकडे पाय करून बसतात आणि माझ्या कयाककडे बघत राहतात.

“बसून बघू का?”

“बसा की.”

ते जॅकेट घालतात. भाचा पट्टे आवळून देतो. कयाकमध्ये ते इतक्या सहज उतरतात की ती हलतसुद्धा नाही. वल्हं दोनदा उलटसुलट करून बघतात, मग काठाकाठाने एक फेरी मारतात, माझ्यापेक्षा सरळ रेषेत. परत येऊन निकाल देतात.

“पळती चांगली. पर जाळं कुठं ठिवायचं? आन् दोन्ही हात वल्ह्यात गुतलं, जाळं कोन वढायचं? ट्यूबवर कसं, फळी मांडीवं टाकली की हात मोकळं.”

याला मला उत्तर नाही, कारण ते बरोबर बोलतायत. या कामाला कयाक नको, होडी हवी. दोघांची, सपाट बुडाची, जिच्यात एकाने वल्हवावं आणि दुसऱ्याने जाळं ओढावं, आणि पाय कोरडे राहावेत. काहींना अशा होड्या मिळाल्या आहेत, सगळ्यांना नाहीत. जुन्नर तालुका 2018 मध्ये विशेष पर्यटन क्षेत्र जाहीर झाला. भीमाशंकरचा रस्ता तर या धरणाच्या अंगावरूनच जातो. उद्या या पाण्यावर कयाक भाड्याने मिळतील, रंगीत, रांगेत लावलेल्या, आणि प्रत्येक पर्यटकाला काठावरच जॅकेट चढवलं जाईल, तसा नियमच असेल. ते योग्यच आहे. पण त्याच पाण्यावर पहाटे चारला उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर स्वेटर असणार, हे मला मान्य होत नाही. कयाकचा धंदा इथे यायचा असेल तर तो याच मच्छीमारांच्या संस्थेच्या हाती असावा. कुठल्या बाटलीखाली जाळं आहे, कुठल्या पाण्याखाली आंबा आहे, वारा किती वाजता उतरतो, हे तेच सांगू शकतात. आणि पहिल्या पैशातून पहिली खरेदी त्यांच्या स्वतःच्या जॅकेटांची व्हावी.

बाबा अजून जॅकेट घालूनच बसलेत. फोम दाबून बघतात, पट्ट्याचं बक्कल उघडतात, परत लावतात.

“ह्ये केवढ्याला?”

मी किंमत सांगते. ते मान हलवतात, मावशींकडे बघतात. मावशी मासे धुवायचं थांबवून विचारतात, “हे घातल्यावं हात वर जातो का जाळं वढायला?”

बाबा दोन्ही हात डोक्यावर नेतात, मग पुढे वाकून जाळं ओढल्याची हालचाल करतात, एकदा, दोनदा. खांदे अडकत नाहीत. शेजारची दोन पोरं जवळ येतात; त्यांतला एक जॅकेट मागून घेतो आणि तसाच पाण्यात उतरून, पाय वर उचलून, तरंगून बघतो. सगळे त्याच्याकडे बघतात. तो हनुवटीपर्यंत वर राहतो.

मी पिशवीतून वही काढते. कोण कोण ट्यूबवर जातं ते बाबा सांगायला लागतात, वाडीवार, आधी आपली, मग पलीकडच्या काठाची. मावशी मध्येच दोन नावं घालतात, बाबांच्या ध्यानातून राहिलेली. त्यांतलं एक बाईचं आहे. मापं अंदाजाने: हा बारीक, तो धिप्पाड, याच्या पोराला लहान चालेल. यादी पानाच्या खालपर्यंत जाते.

“आन् रंग लिवा,” बाबा म्हणतात. “निळा नको. निळा पान्यात दिसत न्हाई. भगवा नायतर लाल. धुक्यात लांबनं दिसला पायजे.”

मी लिहिते: भगवा किंवा लाल.